दिवसभर गर्दी, तरी कंटाळा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा ३१ वर्षांचा, एका सरकारी बँकेत क्लार्क, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाखेत चार वर्षांपासून. आधी इंजिनिअरिंग केलं, मग अमरावतीला अभ्यासिकेत तीन वर्षं बसून बँकेच्या परीक्षा दिल्या आणि तिसऱ्या खेपेला लागला. बायको आणि तीन वर्षांची मुलगी यवतमाळला राहतात, हा रोज मोटरसायकलनं येणं-जाणं करतो. तो लिहितो, "मॅडम, काम नाही म्हणून कंटाळा येतो असं नाही, उलट पाणी प्यायला फुरसत नसते, पण दिवसभर तेच ते, पैसे घ्या, पैसे द्या, पासबुक छापा, अंगठा घ्या, केवायसी घ्या. एक म्हातारी दर दोन दिवसांनी येते, 'आले का रं बाप्पा पैसे' विचारते, मी 'नाही आले' म्हणतो आणि ती जाते, माझं आयुष्य असंच जाणार असं वाटायला लागलंय. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात लोकं या नोकरीसाठी तरसतात अन् तुले कंटाळा येते. शाखेत बाकी कुणाला कंटाळा येताना दिसत नाही. मी खेड्यात पडलो म्हणून सडतोय का? नोकरी सोडून एमपीएससी करू, नागपूर-पुण्याला बदली मागू, की प्रमोशनची परीक्षा देऊ?"

बेटा, तुझं पत्र वाचून मला माझाच काउंटर आठवला. मी १९८४ ला बँकेत लागले आणि २०१९ ला रिटायर झाले, पस्तीस वर्षांतली बहुतेक वाशीम, यवतमाळ, अमरावती या तीन जिल्ह्यांच्या शाखांमध्ये गेली, आणि त्यातली निम्मी तरी कॅशच्या जाळीमागं. म्हणून कंटाळा म्हणजे काय हे मला तू सांगायला नको, दुपारच्या जेवणानंतर पंखा गरम हवा फेकत असतो, रांग संपत नाही, आणि हात आपोआप चालत असतात पण आपण तिथं नसतोच, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आधी बाबांचं बोलणं बाजूला काढू, कारण तेच तुला जास्त टोचतंय असं मला पत्रावरून वाटलं. बाबा चुकीचं बोलत नाहीयेत, आपल्याकडं एका वर्षी पाऊस दगा देतो, दुसऱ्या वर्षी सोयाबीनला भाव नसतो, अशात महिन्याच्या महिन्याला पगार येणारं एक माणूस घरात असणं काय असतं हे त्यांना माहीत आहे. पण नोकरी चांगली आहे हेही खरं आणि काम कंटाळवाणं आहे हेही खरं, दोन्हीत भांडण लावायची गरज नाही. कंटाळा आला म्हणजे तू माजलास किंवा आळशी झालास असं नाही. तू स्वतःवर तो आरोप ठेवून रोज स्वतःशीच भांडतोयस, आणि कंटाळ्यापेक्षा हे भांडण माणसाला जास्त थकवतं.

दुसरं, बाकी कुणाला कंटाळा येत नाही हे मला अजिबात पटत नाही. बँकेत "कंटाळा आला" असं कुणी म्हणत नाही रे, म्हणतात "डोकं धरलंय", "बीपी वाढलंय", "आज सिस्टम लई स्लो आहे". शेजारचा माणूस काम नसताना तीच स्क्रीन चार वेळा उघडून बंद करतो ना, दर अर्ध्या तासानं तंबाखू मळायला मागं जातो ना, त्याला विचारून बघ एकदा चहावर, सरळ विचार, की तुले कंटाळा येते का. मला वाटतं तुला एक सोबती मिळेल, आणि हे एकट्यानं बाळगायचं गुपित राहणार नाही.

आता खेड्याचं. मला दोन वर्षं नागपूरच्या एका मोठ्या शाखेत काढावी लागली होती. सांगते, माझ्या नोकरीतला सगळ्यात कोरडा काळ तोच. टोकन नंबर पुकारायचा, माणूस येणार, पैसे घेणार, जाणार, परत कधी दिसणारही नाही. तो पैसा कशाचा होता, पोरीच्या लग्नाचा की दवाखान्याचा, काही कळायला मार्ग नाही. खेड्यात तोच माणूस संध्याकाळी स्टँडवर भेटतो आणि सांगतो की मॅडम त्या पैशातून मोटार बसवली विहिरीवर. तू ज्या गोष्टीला सडणं म्हणतोयस तीच कदाचित तुझ्याकडची सगळ्यात मोठी सोय आहे, तुला ती अजून वापरता आली नाही इतकंच. म्हणजे खेडं फार छान असतं असं म्हणत नाही मी, बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत मोटरसायकलवर तापलेला डांबरी रस्ता मलाही माहीत आहे आणि लेकराला फक्त रात्रीच बघायला मिळणं हेही दुःखच आहे. पण ते अंतराचं दुःख आहे, ते वेगळं मोज, कंटाळ्याच्या खात्यात टाकू नको.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेलास, पण मला तीच महत्त्वाची वाटली. तू लिहिलंस की अभ्यासिकेत रोज बारा-बारा तास बसायचो, तेच गणित, तेच रिझनिंग, तरी असा कंटाळा कधी आला नाही. का नाही आला याचा विचार कर. तेही तेच तेच होतं ना? पण तिथं दर रविवारी मॉक टेस्ट व्हायची आणि आकडा हातात पडायचा, मागच्या वेळी ५८, आज ६३. आज काय केलं त्याचं काय झालं हे संध्याकाळपर्यंत कळायचं. नोकरी लागली आणि तो आकडा बंद झाला. आता दिवसाला दीडशे व्यवहार करतोस पण एकाचंही पुढं काय झालं ते तुला कळत नाही. तुझ्या हातात प्रत्येक कामाचा मधला तुकडा येतो, सुरुवात दुसरीकडं झालेली असते आणि शेवट तुझ्या काउंटरपासून कितीतरी लांब होतो. तेच ते काम केल्यानं माणूस थकतो हे खरं, पण तो विटतो ते कामाचं टोक दिसत नाही म्हणून, असं मला पस्तीस वर्षांनंतर वाटतं.

आमच्या वेळचं एक सांगते म्हणजे नीट कळेल. १९८४ ला कॉम्प्युटर नव्हते, जाडजूड लेजर असायची, प्रत्येक नोंद हातानं, आणि महिन्याला बॅलन्सिंग. सगळ्या खात्यांची बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य हिशेबवहीशी, जुळली पाहिजे. जुळायची नाही. कधी २७ रुपयांचा फरक, कधी १० पैशांचा. मग आमचे हेड कॅशियर म्हणायचे, फरकाला नऊनं भाग जातो का बघ. गेला तर समजायचं कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ६३ च्या जागी ३६. मग सगळ्या पानांवरून बोट फिरवत तो उलटा आकडा शोधायचा, रात्रीचे आठ वाजायचे, लाईट गेली की कंदील, आणि कुणीतरी एकदम ओरडायचं, सापडला. त्या कामाइतकं रटाळ काम जगात नसेल, पण त्याला टोक होतं, जुळलं की जुळलं, घरी जाताना पाय हलके असायचे. पुढं कोअर बँकिंग आलं, मशीन स्वतःच जुळवून घ्यायला लागली, आमचे कष्ट वाचले आणि ते फार चांगलं झालं, पण "जुळलं" म्हणायचा तो क्षणही गेला आणि त्याच्या बदल्यात काउंटरवरच्या माणसाला दुसरं काही कुणी दिलं नाही.

यावर अभ्यासही झालेला आहे. १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या दोन अमेरिकन अभ्यासकांनी कामात माणसाचं मन कशानं लागतं याच्या पाच गोष्टी मांडल्या, कामात विविधता, एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होणं, त्या कामाचा दुसऱ्याच्या आयुष्यावर काही परिणाम असणं, स्वतः ठरवायची मोकळीक, आणि आपण केलं ते कसं झालं हे कळणं. मी या पाच गोष्टी काउंटरला लावून बघते तेव्हा मला वाटतं मोकळीक आपल्याला फारशी मिळणार नाही आणि मिळूही नये, लोकांचा पैसा आहे, मेकर-चेकर (एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासायची), दोन चाव्या, सही जुळवणं हे सगळं नियमानंच व्हायला पाहिजे. विविधता थोडीफार मागून मिळते. परिणाम तर आहेच, खेड्यात बँकेइतका परिणाम कशाचाच नाही. मग उरतात दोन, काम पूर्ण करायला मिळणं आणि झालं ते कळणं. तुझ्या सगळ्या कंटाळ्याचं मूळ मला या दोन ठिकाणी दिसतं, आणि या दोन्हीचं थोडंफार तू स्वतः करू शकतोस, वरून ऑर्डर यायची वाट न बघता.

२०१७ ची गोष्ट. ऑगस्ट महिना, निंदणाचे दिवस, बायका सकाळीच वावरात गेलेल्या म्हणून शाखेत गर्दी नव्हती. एक पस्तीसेक वर्षांची बाई आली, पासबुक पुढं सरकवलं, मी छापून दिलं. तिनं पान डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाली, "काऊन बाई, माह्या खात्यातून बारा रुपये कोनं काहाडले?" दिवसातून दहा जण हा प्रश्न विचारायचे. मी न बघता सांगितलं, विम्याचे आहेत, सरकारी विमा आहे. ती म्हणाली, "माह्या घरवाल्याच्या बी कापले व्हते, तवा तो लई भांडला व्हता तुमच्याशी." व्हता. मी वर बघितलं, तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवड्यांपूर्वी वावरात पान लागलं, म्हणजे साप चावला, ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथंच गेला.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि नवऱ्याचं खातं उघडलं. मे महिन्याच्या शेवटी १२ रुपये गेलेले होते, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू होता, अपघाती मृत्यूचे दोन लाख, आणि साप चावून गेलेल्यालाही ते मिळतात, फक्त दवाखान्याचे कागद पाहिजेत. अर्ज तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. तिच्याकडं नऊ दिवस उरले होते आणि तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, ती आली होती ती बारा रुपयांचं भांडण घेऊन. मी मॅनेजर साहेबांना सांगितलं, क्लेम फॉर्म काढला, काय काय लागतं ते एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, आणि तिच्या दिराला फोन लावून तेच परत सांगितलं. सातव्या दिवशी ते कागद घेऊन आले. दिवाळी झाल्यावर पैसे तिच्या खात्यात आले. ती आली, मी पासबुक छापलं, तिनं आकड्यावर बोट ठेवून एक एक शून्य मोजलं, परत मोजलं आणि म्हणाली, "हे दोन लाखच हायेत न?" मग म्हणाली, अर्धे पोरीच्या नावानं एफडी करा.

या सगळ्यात मी केलं काय, तर पासबुकच छापलं, दोनदा. पण त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी बारा रुपयांची नोंद न बघता सोडली नाही (आता ते २० रुपये आहेत, २०२२ च्या जूनपासून). घरात कुणी वारलं असं ऐकलं की आधी खातं उघडून विमा बघायचा, दुसरा जीवन ज्योती विमा आहे, आता ४३६ रुपयांचा, तोही बघायचा, नॉमिनी बघायचा. हा नियम मला कुणी दिला नव्हता, मीच लावून घेतला होता, आणि त्यानं माझी शेवटची दोन वर्षं वेगळी गेली.

तर तू आता एक काम कर, एकच. असं एक काम निवड जे पूर्ण तुझ्या हातून शेवटाला जाईल. तुझ्या शाखेत बंद पडलेल्या खात्यांची यादी असणारच. दोन वर्षं ग्राहकानं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं झाली की त्यातला पैसा रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातो, वारसाला तो नंतरही मागता येतो पण खेड्यातला माणूस कुठं मागत बसणार. त्यातली जुनी खाती निवड, दहा वर्षांच्या जवळ आलेली, आणि मॅनेजरला सांगून आठवड्याला दोन नावांचा शोध घे. शहरात हे अशक्य आहे, तुझ्या गावात एका चहात होतं. पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडीच्या ताई, बँक मित्र, कुणाला तरी माहीत असतंच की हा माणूस पुण्याला कंपनीत गेला आणि त्याची आई इथंच आहे. फक्त एक पथ्य पाळायचं, खात्यात किती आहेत हे त्या खातेदाराशिवाय किंवा कायदेशीर वारसाशिवाय कुणापुढं बोलायचं नाही, तू फक्त पत्ता विचारायचा आणि बँकेत भेटायला बोलवायचं. केवायसी घेऊन खातं परत चालू करायला चार्ज नसतो हे त्यांना आधीच सांग, लोकं त्या भीतीनं येत नाहीत. २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं उद्गम नावाचं पोर्टल काढलंय, दुसऱ्या बँकांतल्या विसरलेल्या ठेवीही नावानं शोधता येतात, कुणी विचारलं तर तेही दाखवून दे.

आणि एक साधी शंभर पानी वही ठेव ड्रॉवरमध्ये. त्यात मनातलं काही लिहायचं नाही, फक्त निकाल लिहायचा. तारीख, काम काय हातात घेतलं, आणि शेवट झाला की त्याच ओळीपुढं "झालं". खात्याचा नंबर, रक्कम असलं काही त्यात नको, तुला कळेल एवढी खूण पुरे. महिन्याच्या शेवटी "झालं" किती आले ते मोज. हीच तुझी मॉक टेस्ट. पहिल्या महिन्यात दोन येतील, तीन येतील, हरकत नाही.

हे सगळं कॅश बंद झाल्यावरच्या अर्ध्या तासात बसवायचं, संध्याकाळी सातपर्यंत थांबून नाही. तुझी पोरगी दारात उभी असते, तिचा वेळ बँकेला द्यायचा नाही. ज्या दिवशी लाडकी बहीणचा हप्ता पडतो किंवा पीएम किसानचे दोन हजार येतात त्या दिवशी तर वही उघडूही नको, जूनमध्ये पीक कर्जाच्या नूतनीकरणाला सातबारा घेऊन रांगा लागतात तेव्हाही नको. उन्हाळ्यातल्या आणि पोळ्यानंतरच्या निवांत दुपारी आहेत ना.

सीट बदलून घे. एकाच काउंटरला चार वर्षं बसवणं हे बँकेच्याही धोरणाला धरून नाही, रोटेशन असतंच, खेड्याच्या शाखेत माणसं कमी म्हणून ते होत नाही. मॅनेजरकडं जाऊन "मला कंटाळा आलाय" असं म्हणू नको, त्यांना ते तक्रारीसारखं लागेल, असं म्हण की सर मला सहा महिन्यांत बचत गटाचं आणि केसीसीचं (किसान क्रेडिट कार्डाचं) काम शिकायचं आहे, आठवड्यातून दोन दिवस दुपारनंतर मला त्या डेस्कला द्या, कॅश मी सांभाळूनच करीन. शिकायला मागणाऱ्याला नाही म्हणणारे मॅनेजर मी फार थोडे बघितले. आणि कृषी अधिकारी वावर बघायला जातात तेव्हा एकदा त्यांच्या गाडीवर मागं बसून जा. ज्याच्या पासबुकावर तू चार वर्षं कर्जाच्या नोंदी छापतोयस त्याची विहीर बघ, पऱ्हाटी बघ, ड्रिपची नळी हातात धरून बघ. मला हे करायला बारा वर्षं लागली, बाई माणूस कुठं वावरात जाईल म्हणून कुणी नेलंच नाही, आणि जेव्हा गेले तेव्हा कळलं की मी ज्याला "लोन अकाउंट" म्हणत होते ते एक माणूस होतं आणि त्याची तीन एकर कोरडवाहू.

कंटाळ्याचा एक धोका मात्र आहे, तोही सांगते कारण तो मी भोगलाय. नव्वदच्या दशकात एका शाखेत, मार्चची दुपार होती, मी हातानं नोटा मोजत होते आणि मन कुठंतरी दुसरीकडं होतं. पन्नासच्या गड्डीऐवजी शंभरची गड्डी दिली. संध्याकाळी कॅश पाच हजारांनी कमी. रात्रभर व्हाउचर तपासले, कुणी परत आणून दिली नाही, शेवटी खिशातून भरले, तेव्हा पाच हजार म्हणजे महिन्याचा पगार होता, हप्त्या-हप्त्यानं फेडले. चूक माझीच होती. म्हणून डोळे जड झाले, आपण मोजतोय पण बघत नाहीये असं वाटलं, की काउंटरवर "दोन मिनिटं" म्हण, उठ, तोंडावर पाणी मार आणि मग बस. रांगेतला माणूस दोन मिनिटं थांबतो. मोबाईल मात्र काढू नको, रील बघून मन ताजं होत नाही, उलट परत नोटांकडं यायला जास्त वेळ लागतो. आणि कितीही वैताग आला, घाई असली तरी आपला पासवर्ड शेजारच्याला देऊ नको, कंटाळलेल्या शाखेत हे सर्रास होतं आणि मग एका माणसाच्या लबाडीत दुसऱ्याची नोकरी जाते.

आता तुझे तीन पर्याय. एमपीएससी द्यायची असेल तर दे, पण नोकरी सोडून नको. तू ३१ चा आहेस, खुल्या गटाला ३८ पर्यंत बसता येतं, म्हणजे वेळ आहे, पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, ती तयारी मोठी आहे आणि घरात तीन वर्षांचं लेकरू आहे. स्टाफ रेटनं घराचं कर्ज घेतलं असशील तर नोकरी सोडल्यावर ती सवलत जाते, आधी तो आकडा काढ आणि बायकोसमोर ठेव, मगच बोल. खरंच प्रशासनात जायचंय का फक्त परत अभ्यासिकेतल्यासारखं जिवंत वाटायला पाहिजे, हे एकदा स्वतःला विचार. दुसरं असेल तर त्याला स्वस्त उपाय आहे, आयआयबीएफ या संस्थेची बँकवाल्यांसाठीची जेएआयआयबी परीक्षा दे, चार पेपर आहेत, पास झालास की इन्क्रिमेंट मिळते आणि रोज काउंटरवर जे करतोस त्याच्यामागचा कायदा कळायला लागतो.

बदली मागायची तर यवतमाळच्या जवळ माग, लेकरासाठी माग, ते रास्त कारण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कंटाळा जाईल म्हणून मागू नको, काउंटर सगळीकडं तोच असतो.

प्रमोशन. तुझ्यासारख्या पोरानं ते घ्यावं असं माझं मत आहे, पण लगेच नाही, वर्षभरानं. ऑफिसर झालास की फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या हातात येते, कर्ज मागायला आलेला माणूस, तपासणी, मंजुरी, वसुली, सगळं दिसतं. त्याचबरोबर टार्गेट येतात, विमा विका, म्युच्युअल फंड विका, रोज संध्याकाळी आकडे कळवा, आणि बदली महाराष्ट्राबाहेरही होऊ शकते. क्लार्क असताना जो कंटाळला तो ऑफिसर झाल्यावर कंटाळणार नाही असं काही नाही, मी कंटाळलेले ऑफिसर खूप पाहिलेत, त्यांच्या टेबलावर फायली पडून राहतात आणि त्याचा त्रास शेतकऱ्याला होतो. म्हणून म्हणते, आधी याच खुर्चीत बसून एक काम शेवटाला नेऊन बघ, ते गोड लागलं तर पुढं जा.

हे सदर शाखा मॅनेजरही वाचतात, मला माहीत आहे, तर त्यांना एक विनंती. ज्या क्लार्कनं क्लेमचे कागद घेतले त्याला पैसे जमा झाल्यावर सांगा. एवढंच, "तू घेतलेले ते कागद, त्यांचे पैसे आले." त्याला एक रुपया खर्च येत नाही. आणि महिन्यातून एकदा सगळ्यांच्या सीटा फिरवा, दोन दिवस गोंधळ होईल, नंतर कुणी रजेवर गेलं तरी शाखा चालेल. पतसंस्थेत, सोसायटीत, पोस्टात काउंटरला बसणाऱ्यांचीही पत्रं येतात मला, त्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे, तिथं तर गावातली माणसं आणखी ओळखीची असतात.

एक गोष्ट तपासून घे. कंटाळा हा कामापुरता असतो, सुट्टीच्या दिवशी पोरीबरोबर खेळताना तो नसतो. पण जर रविवारीही कशात मन लागत नसेल, झोप येत नसेल किंवा नुसती झोपच येत असेल, जेवण जात नसेल, आणि असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर तो कंटाळा नाही, त्याला डॉक्टर लागतो आणि त्यात कमीपणा नाही. टेली-मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. "आयुष्य असंच जाणार" हे वाक्य तू लिहिलंस म्हणून हे लिहिलं. ते नुसतं बोलण्यातलं असेल तर चांगलंच आहे.

आता त्या म्हातारीचं. पैसे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनचे असतील तर ते आता सरळ आधारवर पडतात, आणि आधारला जी बँक शेवटी जोडली गेली तिथंच जातात. आपल्याकडं काय होतं, कुणीतरी गावात सिमकार्ड विकायला येतो, म्हातारीचा अंगठा घेतो, त्यासोबत एक खातंही उघडून टाकतो, आणि पैसे दोन वर्षांपासून तिकडंच जमा होत असतात. तू म्हणतोस "नाही आले", आणि तुझ्या शाखेत ते खरंच आलेले नसतात. पुढच्या वेळी ती आली की तिला बसव, आधार कार्ड आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन नातवाला घेऊन यायला सांग, आणि आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघ. दुसऱ्या बँकेचं नाव निघालं तर त्या खात्यातले जमलेले पैसे आधी काढून घ्यायला सांग, मग तिची संमती घेऊन आपल्या खात्याला सीडिंग कर. कुठलंच नाव निघालं नाही तर मग अडचण तहसीलला आहे, संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलाला तिचं नाव यादीत आहे का, हयातीचा दाखला दिलाय का, हे विचारायला नातवाला चिठ्ठी लिहून दे. वहीतली पहिली ओळ तिचीच टाक, आणि काय निघालं ते मला कळव.